सांध्यातला मळ

जुन्या ओम्नी व्हॅनखालून येणाऱ्या आवाजांना बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुड-तेलगाव पट्ट्यात सहसा कोणी मनावर घेत नाही. क्लच सोडताना ‘टण्ण’ वाजते, गल्लीतून हळू जाताना ‘चिर्र चिर्र’ अशी लयीत किरकिर होते आणि डांबरीवर वेग घेतला की सीटखालचा पत्रा थरथरू लागतो. चालते तोवर चालू द्यायची, ही रीत. पण हे तिन्ही आवाज बहुतेक वेळा एकाच जागेचे असतात. ती जागा वेळेवर उघडली तर काम थोडक्यात भागते. नाही उघडली तर एखाद्या दिवशी फिरता प्रोपेलर शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटतो, आणि त्याचे पुढचे टोक सुटले असेल तर ते डांबरात रुतून गाडी उचलली जाण्याचाही धोका असतो.

ती जागा म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस. आणि क्रॉसबद्दलचा सर्वांचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘ग्रीस मारून घ्या’. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. सांधा मरतो तो वंगण संपल्यामुळे कमी आणि आत गेलेल्या धुळीमुळे जास्त. मळ आत ठेवून वर नवे ग्रीस भरले तर त्या मळाला पोलाद घासायला चांगले तेलकट माध्यम मिळते, इतकेच. म्हणून या प्रकरणात ग्रीस गन हातात घेण्याआधी धुण्याबद्दल बरेच बोलायचे आहे.

मारुती व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हा आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी काही ना काही वय झालेलीच. तिचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि तिथून मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब पोकळ नळा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स बॉडीला बांधलेला असतो, मागचा ॲक्सल मात्र पाट्यांवर वर-खाली होतो. कापसाची बोचकी टाकली की पाटे बसतात, रिकामी गाडी खड्ड्यातून गेली की उडतात. शाफ्टला दर क्षणी वेगळ्या कोनात वळून तरीही फिरत राहायचे असते. त्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो: चार दांड्यांचा पोलादी तुकडा, दोन दांड्या एका योकमध्ये, दोन समोरच्या योकमध्ये. प्रत्येक दांडीवर एक छोटा कप, आणि कपाच्या आतल्या कडेने उभ्या रांगेत बसवलेल्या बारीक पोलादी सुया.

ही रचना मोटारीपेक्षा फार जुनी. इटलीतल्या कार्दानोचे नाव तिला अनेक देशांत चिकटले आहे, आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये तिचे वर्णन छापले. या सांध्यात एक खोड आहे. सांधा वाकलेला असेल तर एका बाजूचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असतानाही दुसऱ्या बाजूचा दांडा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास असतो. कोन ३० अंशांवर गेला की वेग साडेपंधरा टक्क्यांपर्यंत वाढतो आणि साडेतेरा टक्क्यांपर्यंत घटतो. ओम्नीत कोन लहान, आणि शिवाय क्रॉस दोन. पहिल्याने केलेली गडबड दुसरा बरोबर उलटी करून मिटवतो. मात्र त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत असावे लागतात. दोन भागांत सरकणारा शाफ्ट सोडवून परत जोडताना तो एखाद-दोन खाचा फिरून बसला तर गाडी जन्मभर थरथरते, आणि दोष मात्र टायरच्या बॅलन्सिंगला दिला जातो.

आता सुया का मरतात ते पाहू, कारण सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. चार गिअरच्या या गाडीत टॉप गिअरला इंजिन जितके फेरे घेते तितकेच फेरे शाफ्ट घेतो, म्हणजे मिनिटाला हजारोंनी. पण कपातली सुई पूर्ण फिरत नाही. सांध्याच्या कोनाइतकीच, काही अंश इकडे आणि काही अंश तिकडे, ती जागच्या जागी डुलत राहते. चाकाचे बेअरिंग फिरता फिरता वंगण स्वतःच सगळीकडे पसरवते. क्रॉसच्या सुईखालून एकदा दाबून बाहेर गेलेले ग्रीस सहजी परत येत नाही. मग पोलादावर पोलाद घासते, त्याचा सूक्ष्म चुरा गंजतो, आणि कप उघडल्यावर आत कोरडी तांबूस भुकटी सापडते. बोटांना ती हळदीकुंकवाच्या कोरड्या कुंकवासारखी लागते. ही भुकटी दिसली की समजावे, इथे वंगण बऱ्याच आधी संपले होते.

यात बाहेरून येणाऱ्या धुळीची भर. परळी-सिरसाळा-दिंद्रुड-तेलगाव हा रस्ता वापरणाऱ्याला धूळ कशाची, हे सांगावे लागत नाही. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची राख टिप्परमधून वाहून नेली जाते आणि त्या भागातल्या रस्त्यांवर सांडते. ही राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना, कोळशाच्या भट्टीत वितळून काचेसारखे झालेले अतिसूक्ष्म कण. सीलच्या ओठाखालून शिरायला त्यांना फट लागत नाही. वाळूच्या गाड्यांतून पडणाऱ्या वाळूत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी बेअरिंगच्या कडक पोलादालाही ओरखडा काढू शकते. पावसाळ्यात पाणंदीतली काळी माती येते. ती फुगते, चिकटते, आणि वाळली की सीलभोवती कडक कडे करून बसते. शाफ्ट फिरताना ते कडे रबरी ओठाला खरवडत राहते. माजलगाव धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला तशी चिखलातून ये-जा वाढली. या भागातल्या गाडीचा क्रॉस कंपनीच्या पुस्तकात छापलेल्या मुदतीवर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळा संपल्यावर एकदा खाली शिरून बघावेच.

जुन्या गाडीवानांना धुळीचे हे गणित पक्के माहीत होते. लाकडी तुंबा आणि लोखंडी आस यांच्यामध्ये एरंडेल किंवा करंजाचे तेल आणि चिंध्या घातल्या जात, आणि वंगणाचा नळा गाडीखाली लोंबत असे. पण वंगण घालायचे म्हणजे आधी चाक अडवणारी कुणी, म्हणजे खीळ, काढून चाक बाहेर ओढायचे, आसावरचा काळा राप पुसून काढायचा, मगच तेल. पुसण्याची पायरी कोणी गाळत नसे, कारण गाळली तर बैलांना ओढ लागे आणि ते लगेच दिसे. इंजिनाच्या जोरापुढे ती ओढ दिसेनाशी झाली, आणि पुसण्याची सवयही सुटली.

क्रॉस तपासायला सामान लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, पुढच्या आणि मागच्या चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल. खाली शिरून शाफ्ट एका हाताने आणि पुढचा योक दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळावा. सांध्यात जरा जरी ‘टक्’ जाणवली तर क्रॉस गेला. खेळ नसेल, पण सीलभोवती तांबूस कडे दिसत असेल, तर तो कोरडा पडला आहे, अजून वाचू शकेल.

सोडवताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून आधीच सांगतो. पुष्कळ जण गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून निर्धास्त खाली झोपतात. गिअर चाकांना धरून ठेवतो तो याच शाफ्टच्या मार्फत. शाफ्ट निघाला की गिअर असून नसून सारखा, आणि उतारावरची गाडी तुमच्या अंगावरून निघते. म्हणून दगड. जॅकवर उचललेली गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली जाऊ नये. वीट भाराने एकदम फुटते, सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा फुटत नाही.

मागच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर समोरासमोर रंगाची एक रेघ मारावी, म्हणजे परत बसवताना तोच मेळ साधेल. चार बोल्ट सोडले की मागचे टोक खाली येते, मग पुढचे टोक गिअरबॉक्समधून मागे ओढून काढायचे. तिथून गिअर ऑइल गळू लागते, म्हणून तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधून टाकावी.

आता धुलाई. पहिला हात तारेच्या ब्रशचा आणि कोरड्या फडक्याचा, पाण्याचा नव्हे. बाहेरचा मळ बाहेरच संपला पाहिजे. तो राहिला तर सर्क्लिप काढताच आत पडतो. खाचेत बसलेली माती खिळ्याच्या टोकाने कोरून काढल्याशिवाय सर्क्लिप पक्कडीत येत नाही, आणि ओढाताणीत ती उडून डोळ्यात जाते. चारही सर्क्लिपा निघाल्या की योक व्हाइसमध्ये धरून एका कपावर लहान सॉकेट ठेवून ठोकायचे. समोरचा कप दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. कप आडवा होऊ न देता स्वच्छ ताटलीत ठेवावा. सुया सांडल्या तर मोजून परत भरता येतात, पण एक जरी हरवली तर तो कप वापरू नये.

कप, सुया आणि क्रॉस डिझेलमध्ये धुवावेत. पूर्वी रॉकेल वापरत, आता ते सहज मिळत नाही. पेट्रोल लवकर वाळते म्हणून मोह होतो, पण गॅरेजमध्ये शेजारी वेल्डिंग चालू असताना उघडे पेट्रोल ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे. एका भांड्यातले डिझेल काळे झाले की टाकून द्यावे, दुसऱ्या स्वच्छ डिझेलमध्ये शेवटचा हात फिरवावा. रबरी सील डिझेलमध्ये भिजत ठेवू नयेत, फुगतात. नंतर सगळे सुती फडक्याने कोरडे करून बारीक बघावे. इथे घाई नको. क्रॉसच्या दांडीवरून नखाचे टोक आडवे फिरवावे. डोळ्याला ती चकचकीत दिसत असते, पण नख खाचाखाचांवर अडखळले तर प्रत्येक सुईने आपली जागा कोरून घेतली आहे. अशा क्रॉसला कोणतेही ग्रीस वाचवत नाही, नवा घ्यावा. नख सरळ घसरले तर जुन्यालाच परत बसवायला हरकत नाही.

कपात थोडे ग्रीस लावून सुया त्याला चिकटवून उभ्या करायच्या. तेच ग्रीस त्यांना जोडणी होईपर्यंत धरून ठेवते. कप तुडुंब भरू नये. तळाशी हवा आणि ग्रीस कोंडले तर कप पूर्ण बसत नाही, सर्क्लिप खाचेत जात नाही आणि माणूस हातोडा जोरात मारू लागतो. सर्क्लिप बसत नसेल तर थांबावे: शंभरातल्या नव्वद वेळा एखादी सुई तळाशी आडवी पडलेली असते. सगळे बसल्यावर क्रॉस चारही दिशांना हाताने सहज हलला पाहिजे. घट्ट वाटला तर योकच्या बाजूला हातोडीचा हलका टोला देऊन कप मोकळे करावेत.

काही क्रॉसना ग्रीस निप्पल असते, काहींना नसते. निप्पल असेल तर आधी ते फडक्याने पुसावे, नाहीतर निप्पलच्या टोकावरची राख ग्रीस गनच्या दाबाने थेट आत जाते. मग चारही सीलमधून जुने काळपट ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत गन मारत राहायची. तीन दांड्यांतून आले आणि चौथीतून नाही आले, तर चौथीची वाट मळाने बुजली आहे आणि तीच दांडी पुढे कोरडी मरणार. बहुतेक गाड्या इथे घाईत परत पाठवल्या जातात.

ओम्नी सोडून पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांकडे आलो की हूकचा सांधा अपुरा पडतो. तिथे चाक वळवावेही लागते, कोन ३० अंशांच्या पुढे जातो आणि वेगातला तो चढउतार स्टिअरिंगला असह्य होतो. अमेरिकेत फोर्ड कंपनीत काम करणाऱ्या आल्फ्रेड रझेपा याने १९२० च्या दशकात यावर उपाय काढला: एका वाटीत दुसरी गोल बैठक, दोन्हींवर वक्र खाचा, आणि त्यांच्यामध्ये पिंजऱ्यात धरलेले सहा छर्रे. सांधा कितीही वाकला तरी पिंजरा छर्ऱ्यांना कोनाच्या बरोबर मध्यावर ठेवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा वेग एकच राहतो. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने असा सांधा घराघरांत नेला. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला असे सांधे होते. ओम्नी त्याच कंपनीची, इंजिनही जवळपास तेच, पण ओढणारी चाके मागची म्हणून सांधा वेगळा. त्याच्याही आधी आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सची, मॅटॅडोर गावोगाव पोचली होती, आणि जर्मन घराण्यातली ती व्हॅन पुढच्या चाकांवर चालत असे. मॅटॅडोरच्या जुन्या चालकांना झिजलेल्या सांध्याचा पूर्ण वळणावरचा ‘कट-कट-कट’ आवाज कानाने ओळखता येतो.

छर्ऱ्यांच्या या सांध्याचे सारे आयुष्य त्याच्या रबरी आवरणावर, म्हणजे बुटावर आहे. बूट फाटला की फिरत्या सांध्यातले ग्रीस बाहेर फेकले जाते आणि टायरच्या आतल्या बाजूला काळी फवारणी दिसते. आवाज येण्याच्या कितीतरी आधी ही खूण दिसते. फक्त चाक वळवून आत डोकवावे लागते. त्या वेळी शाफ्ट काढून सांधा धुतला आणि नवा बूट घातला तर सांधा वाचतो. फाटक्या बुटावर ट्यूबचा तुकडा आणि तार गुंडाळून वेळ मारून नेली तर तारेखालून धूळ आत, ग्रीस बाहेर, आणि मग पूर्ण शाफ्टचा खर्च.

धुताना पिंजरा तिरपा करून एकेक छर्रा काढायचा आणि ज्या खाचेतून काढला त्याच खाचेत परत घालायचा. वापरून वापरून छर्रा आणि खाच एकमेकांना बसलेले असतात. म्हणून सहा कागदांवर सहा आकडे लिहून छर्रे त्यावर ठेवावेत, खाचेपाशीही तोच आकडा. खाचेत चकाकता पट्टा असणे स्वाभाविक आहे. पोलादाचे खवले निघालेले किंवा खड्डे पडलेले दिसले तर तो सांधा टाकून द्यावा. बूट किटबरोबर काळ्या ग्रीसचे पाकीट येते. त्यातले निम्मे-अधिक सांध्यात दाबून भरावे, उरलेले बुटात. क्लॅम्प आवळण्याआधी बुटाच्या तोंडाशी बोथट काडी घालून कोंडलेली हवा सोडावी, नाहीतर बूट फुगून घड्यांवर फाटतो.

ते ग्रीस काळे का, आणि क्रॉसला किंवा हबला तेच का चालू नये? ग्रीस म्हणजे साबणाच्या बारीक तंतूंच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. जुन्या कॅल्शियमच्या साबणाचे ग्रीस पाण्यात टिकते, पण ९०-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून वाहू लागते. लिथियमचे ग्रीस साधारण १८० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून चाकाच्या बेअरिंगला तेच योग्य. छर्ऱ्यांच्या सांध्यात छर्रे नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळतात. त्याचे थर एकमेकांवरून सरकतात आणि तेलाचा पापुद्रा तुटला तरी पोलाद पोलादाला भिडत नाही. काळा रंग त्याचा. लाल, निळे, पिवळे ग्रीस मात्र केवळ रंग घातलेले असते. रंग पाहून जात ठरवू नये, डबा वाचावा. डब्यावरचा २ हा आकडा घट्टपणाचा. २५ अंश तापमानाला ठरावीक वजनाचा शंकू ५ सेकंदांत त्यात २६.५ ते २९.५ मिलिमीटर बुडतो. ओम्नीचा क्रॉस आणि ट्रॉलीचा हब दोन्हींसाठी लिथियमचे २ नंबर ग्रीस पुरते. वेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली तर जाळी मोडू शकते आणि ग्रीस पातळ होऊन गळून जाते. पूर्ण धुण्याचे हे आणखी एक कारण.

हे सगळे व्हॅनपुरते नाही. बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या यांच्या हबमध्येही हाच प्रश्न आहे, आणि तिथे माणसे बसलेली असतात. दिवाळीच्या आसपास निघण्याआधी टायरची हवा बघितली जाते, हब क्वचितच उघडला जातो. पावसाळाभर उघड्यावर उभ्या ट्रॉलीच्या हबमध्ये पाणी शिरते, ग्रीस पांढुरके होते आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. पांढुरके ग्रीस दिसले की ते सगळे काढावे, वर नवे चोपडू नये. बेअरिंग धुऊन वाळवावे. कॉम्प्रेसरच्या हवेने ते भिंगरीगत फिरवू नये, कोरडे फिरून चरे पडतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहावी. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून ग्रीस वर आले की ते भरले. हबची पोकळी मात्र अर्ध्यापेक्षा कमीच भरावी, जास्तीचे ग्रीस घुसळून तापते. नट चाक फिरवत आवळावा, मग जरासा मागे घ्यावा, आणि स्प्लिट पिन नवीन घालावी.

पहिल्या भरल्या खेपेला काही किलोमीटरवर ट्रॉली बाजूला घेऊन प्रत्येक हबजवळ हाताचा उलटा पंजा न्यावा, आणि फार उष्णता जाणवली नाही तरच टेकवावा. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्याचा नट फार आवळला आहे किंवा आतले बेअरिंग खराब आहे. नट तिथेच ढिला करून बघावा आणि तरीही हब तापत असेल तर माल उतरवून चाक उघडावे.